पुढच्या केसांची बोली

“मी अजून जिती हाय, हिंदुराव!”

आनंदीबाईंनी पुढ्यातली ताटली सरकवली आणि लेकाकडे रोखून पाहिलं. एरवी त्या त्याला हिंदू म्हणत. पूर्ण नाव निघालं की काहीतरी बिनसलंय हे वाघोलीच्या त्या घरातल्या मांजरालाही कळे. हिंदुरावांनी पन्नाशी कधीच ओलांडलेली. मार्केट यार्डात ते तोलणार म्हणून कामाला होते. पोती काट्यावर चढली की वजन पुकारायचं, हे त्यांचं काम. यार्डातल्या सगळ्या गलक्यात त्यांचा आवाज वरचढ असायचा. पण आईपुढे त्यांना साधं खाकरायलाही जमेना.

“आये, टक्कल न्हाई करत मी. केसांत नक्षी काढायची नुसती. पोरं न्हाईत का, कानावर रेघा मारून हिंडत?”

“हिंडू दे की. त्यांच्या आया हौशी असतील. तू डोस्क्याला वस्तरा लावलास की नाक्यापासनं घरापातूर चार जण इचारतील, कधी गेली म्हातारी? अन् पाचवा तर रडतच दारात यील. त्याला दार कोण उघडायचं, मी?”

हिंदुरावांना हसू आलं, पण हसले असते तर ताटलीही आली असती.

“अन् ती नक्षी वाढल्यावर?” आनंदीबाईंनी विचारलं. “एक बाजू लांब, एक आखूड. मंग न्हावी काय करतो?”

आता काय सांगणार? न्हावी काय करतो ते साईनाथनं आधीच सांगून ठेवलं होतं. यार्डाच्या दारात त्याचं सलून. ‘तात्या, आठवडाभर नक्षी झकास दिसंल, पण नंतर सगळं उतरवल्याबिगर गत्यंतर नाही,’ असं तो म्हणाला होता. हे वाक्य हिंदुराव घरी सांगायचं सोयीस्कर विसरले होते.

बाहेरच्याला वाटेल, केसांचं एवढं काय घेऊन बसलात? पण त्यांच्या घरात रीत पक्की. बाप गेला, आई गेली की मुलगा केस देतो, मिशी देतो. हिंदुरावांचे वडील गेले तेव्हा त्यांनी दिले होते. आई घरात भाकरी खातेय आणि लेक गोटा करून हिंडतोय, म्हणजे लेकाला म्हातारीची भलतीच घाई झाली, असा सरळ अर्थ.

“तिरुपतीला न्हाईत का देत लोक?” हिंदुरावांनी एक शेवटचा प्रयत्न करून पाहिला.

“तिथं देव मागतो. हितं कोण मागतंय?”

यावर त्यांच्या तोंडाशी एक नाव आलं होतं. ते त्यांनी पाण्याबरोबर गिळलं आणि ते उठले.

आणि केस तरी कसे, महाराजा! काळेभोर, दाट, कपाळावरून मागे वळवलेले. या वयात लोक डोक्यावर चार बटा इकडून तिकडे नेऊन अब्रू झाकतात, आणि यांच्या केसांत कंगवा घातला तर अडकून उभा राहायचा. तो कंगवा कायम सदऱ्याच्या खिशात. कांद्याचं टरफल, पोत्याचं सूत, धूळ, काय वाट्टेल ते डोक्यावर उडो. काटा रिकामा झाला की आधी कंगवा बाहेर यायचा. यार्डात त्यांचं नाव ठाऊक नसलेले लोकही त्यांना ‘केसवाले तात्या’ म्हणून ओळखत. स्वतःच्या रूपाविषयी या माणसाला दुसरा कसलाही गर्व नव्हता. केसांचा मात्र होता, आणि का नसावा?

त्यांची बायको शालन यावरून त्यांना फार चिडवायची. उपचारांत तिचे केस गेले तेव्हासुद्धा तिनं ते सोडलं नाही. डोक्याला स्कार्फ बांधता बांधता म्हणायची, “तुमच्या डोस्क्यावर दोन बायकांना पुरतील एवढे हायत. द्या की जरा मला.” हिंदुराव हसायचे आणि काहीतरी कामाचं निमित्त काढून मागच्या अंगणात जायचे.

शालनचा आजार कॅन्सरचा, म्हणजे रोज पुण्यातलं हॉस्पिटल, रोज किरणांचा शेक घेणं. जायचं वाघोलीहून. बसमध्ये ती उभी राहू शकत नव्हती. रिक्षावाले तिचा स्कार्फ बघत, आनंदीबाईंच्या हातातली बादली बघत, आणि ‘गॅस भरायचाय’ म्हणून निघून जात. एकानं तर उलटी झाली म्हणून दोघींना भर उन्हात रस्त्यावर उतरवलं. हिंदुरावांना रोज सुट्टी घेणं शक्य नव्हतं. काट्यावर उभं राहिलं तरच घरात पैसा येणार. ते यार्डात वजनं पुकारत आणि त्यांचा सगळा जीव त्या रस्त्यावर असे.

मग कुणीतरी भीमरावांचा नंबर दिला.

विश्रांतवाडीचे भीमराव सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांनी आणि त्यांच्या काही मित्रांनी मिळून एक जुनी व्हॅन घेतली होती. ज्यांना दवाखान्यात न्यायला कुणी नाही अशा पेशंटची ती फुकट ने-आण करायची. मित्र पैशाचं बघत, गाडी बहुतेक भीमरावच चालवत. सकाळी दारात येऊन ते दोनदा हॉर्न द्यायचे. खाली उतरून सरकतं दार उघडायचे, पायाखाली लाकडी पाट ठेवायचे आणि म्हणायचे, “वहिनी, सावकाश. हॉस्पिटल कुठं पळून जात नाही.” एक दिवस नाही, दोन दिवस नाही, उपचार संपेपर्यंत.

शालनसोबत जायच्या त्या आनंदीबाई. पहिले काही दिवस त्या गाडीत बसताना घरच्या पाण्याची बाटली मांडीवर घट्ट धरून बसत आणि भीमरावांनी आणलेल्या चहाला ‘आत्ताच झाला’ म्हणत. भीमरावांना त्या बाटलीचा अर्थ कळत नव्हता असं थोडंच! जन्मभर पाहिली होती त्यांनी तसली बाटली. एके दिवशी गाडीत शालनला फार उलट्या झाल्या. आनंदीबाई पुसायला वाकल्या तर भीमराव म्हणाले, “आजी, तुम्ही तिला धरा. हे माझं काम आहे,” आणि त्यांनी स्वतःच्या हातानं सगळं साफ केलं. दुसऱ्या दिवशी आनंदीबाई बाटली न घेताच गाडीत बसल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी भीमरावांसाठी भाकरी आणि लसणाचा ठेचा बांधून घेतला, आणि हॉस्पिटलच्या आवारात झाडाखाली तिघांनी एकाच डब्यात हात घातला. ही गोष्ट शालननंच रात्री नवऱ्याला सांगितली, हसत हसत.

शालन वाचली नाही. पण शेवटपर्यंत तिला कुणी रस्त्यात उतरवलं नाही. हिंदुरावांना या एका गोष्टीचं काय वाटायचं ते शब्दात सांगणं अवघड. तेराव्यानंतर ते कांद्याचं एक आख्खं पोतं खांद्यावर घेऊन विश्रांतवाडीला गेले. दारात पोतं पाहून भीमराव म्हणाले, “अहो हिंदुराव, एवढे कांदे चिरून रडायला आमच्या घरात माणसं तरी हवीत ना?” आणि तिथल्या तिथे ते सगळ्या पेशंटच्या घरी वाटून टाकले. परतफेड म्हणून काही घ्यायला हा माणूस तयारच नव्हता. उपकाराचं ओझं घेऊन फिरायला हिंदुरावांची ना नव्हती. पण कधीतरी काहीतरी आपल्याकडून जावं, एवढी एक तळमळ मनात राहून गेली.

यंदा त्या गाडीनं मान टाकली. गॅरेजवाला म्हणाला, “भाजी आणायला चालवा, पण पेशंट बसवू नका.” इंजिन बदलायचं तर मित्रमंडळींच्या पेन्शनी पुरणार नव्हत्या. तेव्हा भीमरावांची मुलगी अक्षता, ती आयटीत कामाला, तिनं ही शक्कल काढली. तिच्या ऑफिसात एकदा असं झालं होतं म्हणे. डोक्यावरची एकेक जागा विकायची. जो जास्त पैसे देईल त्यानं सांगितलेलं चित्र तिथं केसांत कोरायचं. पैसे चांगल्या कामाला.

“आयडिया मस्त आहे, पण डोकं कुणाचं?” भीमराव म्हणाले. “माझ्याकडे विकायला मालच शिल्लक नाही.”

हिंदुराव तेव्हा सहज भेटायला म्हणून तिथं गेले होते. ते ताडकन म्हणाले, “माझं घ्या.”

बापलेक दोघंही त्यांच्या डोक्याकडे बघत राहिले.

“काका, शुअर ना? नंतर बॅक आउट करायचं नाही हं. मी पोस्टर करतेय,” अक्षता म्हणाली.

“आन् लिलाव करायचा तर आमच्या यार्डात करा,” हिंदुराव म्हणाले. “लिलाव म्हंजे काय ते आमच्या लोकांना शिकवावं लागत न्हाई.”

घरी येईपर्यंत ते हवेतच होते. इतक्या वर्षांनी देण्यासारखं आपल्याकडे काहीतरी निघालं, आणि तेही शालननं हक्कानं मागितलेलं! उंबऱ्यात पाऊल टाकल्यावर त्यांना आई आठवली. बोलून तर बसले होते.

त्या रात्रीच्या ताटलीनंतर आनंदीबाईंनी अबोला धरला. भाकरी करायच्या, वाढायच्या, बोलायच्या नाहीत. मीठ हवं का हे मांजराला विचारायच्या. हिंदुराव सकाळी आरशापुढे उभे राहून भांग पाडू लागले की मागून त्यांचं बघणं पाठीला टोचायचं. एकदा ते म्हणालेसुद्धा, “आये, भीमरावांच्या गाडीसाठी शब्द दिलाय. पन तू म्हन की, मी आत्ता फोन करून मोडतो.” आनंदीबाई उठून तुळशीला पाणी घालायला गेल्या. नको म्हणाल्या असत्या तर बरं, असं हिंदुरावांना वाटलं. हो आणि नाही यांच्यामध्ये त्यांना तसंच लटकत ठेवून म्हातारी पाणी घालत होती.

लिलावाचा दिवस उजाडला. यार्डातला रोजचा सौदा आटोपला, रिकामी पोती गोळा झाली, आणि सलिलशेठच्या गाळ्यापुढे ही गर्दी! सलिलशेठ कांद्याचे आडते. शेतकऱ्याचा माल त्यांच्या गाळ्यावर उतरतो आणि ते बोली पुकारून विकतात. हिंदुराव बरीच वर्षं त्यांच्याच काट्यावर. सलिलशेठनी मोठ्या वजनकाट्यावर खुर्ची ठेवली आणि म्हणाले, “तात्या, आजवर दुसऱ्यांना चढवलंत, आज आपण चढा.”

हिंदुराव चढून बसले. साईनाथनं गळ्याभोवती पांढरं कापड गुंडाळलं आणि मशीन हातात घेऊन तो तयार राहिला. अक्षता मोबाईल उंच धरून सगळं लाइव्ह दाखवत होती.

“बोला शेठ, उजव्या कानावरची जागा! खात्रीचा माल, एक केस पांढरा नाही!” सलिलशेठनी पुकारलं.

“काय लावून काळा केलाय, ते आधी सांगा!” मागून कुणीतरी ओरडलं. गर्दी खदखदून हसली.

उजवी बाजू शेवटी सलिलशेठनी स्वतःच घेतली आणि तिथं कांदा काढायला सांगितला. डावी बाजू लसणाच्या व्यापाऱ्यांनी आपसात भांडून घेतली. साईनाथ मन लावून कोरत होता. मशीन गुणगुणत होतं आणि काळ्या केसांचे पुंजके पांढऱ्या कापडावरून घरंगळत खाली येत होते. पहिला पुंजका पडला तेव्हा हिंदुरावांनी कापडाखालून खिशातला कंगवा घट्ट धरला. मग हळूहळू बरं वाटू लागलं. मानेवरची जागा चहावाल्यानं किटलीसाठी घेतली. मागची मोठी जागा हमालांनी सगळ्यांनी मिळून बोली लावून घेतली आणि तिथं पोतं उचलायचा त्यांचा आकडा काढून घेतला. स्वतःच्या मेहनतीचे पैसे ते असे हसत उधळत होते. ‘अरे, काय देवमाणसं आहात रे तुम्ही,’ असं हिंदुरावांना म्हणायचं होतं. म्हणाले मात्र, “आकडा वाकडा काढू नका, मला उद्या कामावर यायचंय.”

राहिली टाळू आणि राहिली पुढची जागा, कपाळावरची. सगळ्यात आधी दिसते ती.

“आता बोला!” सलिलशेठनी बाह्या सरसावल्या. “मोक्याचा माल. समोरून येणारा प्रत्येक माणूस बघणार!”

गर्दीतून एक पांढऱ्या बुटांचा तरुण पुढे आला. ऋषी त्याचं नाव. वाघोलीत मोठाले टॉवर बांधणाऱ्या बिल्डरचा तो धाकटा भागीदार, लिलावाचं कळल्यावर मुद्दाम आलेला. “फ्रंट आम्ही घेतो,” तो म्हणाला. “आमचा लोगो टाकायचा.” आणि त्यानं जी बोली लावली, ती ऐकून लसणाच्या व्यापाऱ्यांनीसुद्धा वर केलेले हात खाली घेतले. तेवढ्या पैशांत इंजिन बदलून वर नवे टायर आले असते.

“अरे बापरे! काका, डन! आपलं काम झालं!” अक्षता जवळजवळ नाचलीच.

सलिलशेठनी हिंदुरावांकडे पाहिलं. माल त्यांचा, तेव्हा होकारही त्यांचाच.

हिंदुरावांना समोरच्या गर्दीत दुसरंच काही दिसत होतं. दारात उभी असलेली आई, आणि कपाळ उघडं टाकून घरी येणारे आपण. बाकीचं डोकं कसंही असलं तरी समोर केस राहिले असते तर माणूस निदान आईपुढे जाऊ शकला असता. आणि दुसरीकडे गाडी. कुणाची तरी शालन आज, आत्ता, बादली घेऊन रस्त्यावर उभी असेल. नाही म्हणायचा आपल्याला हक्क तरी काय?

“करा,” ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

“एक वार!” सलिलशेठनी पुकारलं. “दोन वार!”

गेटाकडून हॉर्न वाजला. दोनदा.

खोकत, धूर सोडत ती जुनी व्हॅन गर्दीच्या कडेला येऊन थांबली. भीमराव खाली उतरले. सरकतं दार त्यांनी जोर लावून उघडलं, खाली पाट ठेवला आणि म्हणाले, “आजी, सावकाश.”

पाटावर आनंदीबाईंचं पाऊल पडलं. हिंदुराव खुर्चीतून अर्धे उठले आणि काट्यावरची खुर्ची डुगडुगली. भीमरावांकडे त्यांनी अशा नजरेनं पाहिलं, की भीमराव लगेच म्हणाले, “मी काही समजूत घातली नाही हो. दारात गाडी उभी केली, हॉर्न दिला. आजी लुगडं सावरत बाहेर आल्या आणि बसल्या. मी म्हटलं, गॅरेजवाल्यानं पेशंट बसवायला मना केलंय. तर म्हणाल्या, मी कुठं पेशंट हाय?”

आनंदीबाई गर्दीतून वाट काढत काट्यापाशी आल्या. आता म्हातारी काय बोलते म्हणून साईनाथनं मशीनच बंद केलं. त्या लेकाभोवती सावकाश एक फेरी मारून आल्या.

“हा कांदा कुनाचा?”

“माझा, आजी,” सलिलशेठ म्हणाले.

“देठ ऱ्हायलाय त्याचा.” मग डावीकडे येऊन, “अन् ह्यो लसूण म्हनायचा का? पाकळ्या कुठं हायत?”

हास्याचा असा काही फवारा उडाला, की साईनाथ घाईघाईनं पाकळ्या कोरायला धावला.

“अन् फुडं?” आनंदीबाईंनी विचारलं. आता त्या हसत नव्हत्या.

सलिलशेठनी सांगितलं. ऋषीनं लावलेली बोलीही सांगितली. आनंदीबाईंनी ती ऐकून घेतली. ऋषीला पायातल्या बुटांपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“तीन वार झालं का?”

“नाही. दोन झालेत.”

“मंग माझी बी घ्या बोली.”

“बोला ना आजी.”

“अशी चारचौघांत न्हाई. पदराखाली.”

जुन्या लोकांच्या लगेच लक्षात आलं. नव्या पोरांना त्यांनी दबक्या आवाजात समजावलं. पूर्वी जनावरांच्या बाजारात, आणि इथंही, उपरण्याखाली हात घालून सौदा व्हायचा. घेणारा बोटं दाबून भाव सांगायचा, विकणाऱ्यानं तो बोटांनीच ओळखायचा. बघणाऱ्याला काही कळत नसे. त्यात शेतकरी नाडला जायचा म्हणून ती पद्धत बंद झाली, आणि झाली ते बरंच झालं. पण नवरा गेल्यावर घरची बैलजोडी आनंदीबाईंनी अशीच हातावर विकली होती, पुरुषांच्या बाजारात एकटीनं उभं राहून.

सलिलशेठनी हात पुढे केला. आनंदीबाईंनी तो बाजूला सारला. “तुमचा कशापायी? ज्याचा माल त्याचा हात.”

त्यांनी खांद्यावरचा पदर सोडला आणि लेकाच्या उजव्या हातावर टाकला. मग स्वतःचा हात त्याखाली घातला.

हिंदुरावांना आईच्या हाताचा स्पर्श होऊन किती दिवस झाले होते कोण जाणे. हात लहान झाला होता. कातडी सैल, हाडं वरवर आलेली, पण पकड होती. ते बोटांची वाट पाहत राहिले. एक बोट, दोन बोटं, काहीतरी. आनंदीबाईंनी एकही बोट दाबलं नाही. लेकाचा आख्खा पंजा त्यांनी मुठीत धरला आणि धरूनच ठेवला.

मग त्या वाकल्या. त्यांचं बोलणं फक्त हिंदुरावांना, आणि शेजारी उभ्या असलेल्या साईनाथला ऐकू आलं.

“बाकीचं सगळं दे तिच्या गाडीला. मी न्हाई म्हनत न्हाई. एवढं फुडचं ऱ्हाऊ दे, मी हाय तवर.”

साईनाथनं तोंड फिरवलं आणि उगीचच मशीनचं पातं पुसायला घेतलं.

“काय तात्या?” सलिलशेठ हळूच म्हणाले. “समोर काय भाव आलाय, ऐकलंय ना तुम्ही? नीट विचार करा. गाडीचा प्रश्न आहे.”

हिंदुरावांनी भीमरावांकडे पाहिलं. भीमरावांनी मान हलवली नाही, भुवई उचलली नाही. ते फक्त आनंदीबाईंचा पाट काखेत धरून उभे होते. ज्या माणसाला आजवर काही देता आलं नव्हतं, त्याच्या हातातोंडाशी आलेलं आपण काढून घेतोय, हे हिंदुरावांना दिसत होतं. तरीही त्यांनी मान वर केली आणि वजन पुकारायच्या त्यांच्या आवाजात सांगितलं, “झाला सौदा! पुढची जागा आमच्या आईची!”

हमालांनी एकदम टाळ्या पिटल्या.

“अहो, पण हे फेअर नाही,” ऋषी म्हणाला. “किती बोली लागली ते तरी कळू दे ना.”

“पदराखालची बोली विचारायची नसते, शेठ,” सलिलशेठ म्हणाले. “टाळू मोकळी आहे. बघा, घेता का?”

“टाळू? टाळू कुणाला दिसणार?”

भीमराव तेवढ्यात पुढे झाले. “वरून दिसेल की,” ते गंभीरपणे म्हणाले. “तुमची गिऱ्हाइकं सगळी वरच्याच मजल्यावर असतात ना?”

आता ऋषीलाही हसू आवरेना. त्यानं आनंदीबाईंकडे पाहिलं, त्यांच्या अजून न सुटलेल्या पदराकडे पाहिलं. “जाऊ दे, टाळू द्या,” तो म्हणाला. “बोली तीच. आणि लोगो नको, काका. तिथं ती गाडी काढा.”

हिंदुरावांनी हात जोडले. म्हणजे डावाच हात कपाळाला लावला. उजवा आईच्या ताब्यात होता.

साईनाथनं टाळूवर गाडी कोरली. चाकं, खिडक्या, सरकतं दार. भीमराव चष्मा सरसावून तपासत होते आणि हॉर्न कुठं असतो ते दाखवत होते. गर्दी पांगू लागली. आनंदीबाईंनी कनवटीची गाठ सोडून नोटांची एक घडी भीमरावांच्या हातावर ठेवली.

“आजी, अमाउंट किती टाकू?” अक्षतानं मोबाईलवरून मान न उचलता विचारलं.

“काही टाकू नकोस,” भीमराव म्हणाले. त्यांनी ती घडी न उलगडता छातीजवळच्या खिशात ठेवली. “आजी, फार झालं हो.”

“फार कुठलं,” आनंदीबाई म्हणाल्या. “माझ्या सुनेला तुम्ही हातावर नेलंत. त्याला काय भाव लावू मी?”

भीमराव गाडीचं दार पुसायला गेले.

हिंदुराव काट्यावरून खाली उतरले. अक्षतानं मोबाईल पुढे धरला. कांदा, लसूण, किटली, आकडा, गाडी; आणि या सगळ्या बाजारापुढे कपाळावर तेवढे त्यांचे स्वतःचे केस, विस्कटलेले, कातरलेल्या बारीक केसांनी भरलेले. सवयीनं त्यांचा हात खिशाकडे गेला. आनंदीबाईंनी तो वाटेतच अडवला आणि कंगवा स्वतः काढून घेतला.

“बस खाली.”

“आये, सगळी बघत्यात.”

“बघू दे.”

ते रिकाम्या पोत्यावर मांडी घालून बसले. आनंदीबाईंनी एका हमालाच्या तांब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं, त्यांच्या पुढच्या केसांवरून फिरवलं आणि डाव्या हातानं लेकाची हनुवटी धरली. भांग दोनदा चुकला. दोन्ही वेळा त्यांनी तो मोडून पुन्हा नीट पाडला.

“हलू नगंस,” त्या म्हणाल्या.

हिंदुराव हलले नाहीत.